कोटोर, माँटेनेग्रो: एकटीने सात दिवस (अनुभव आणि प्रश्नोत्तरं)

मांजराकाठ

२०२४ च्या मे महिन्यात मी एकटीने कोटोरला सात दिवस राहून आले. त्याआधी एकटीने केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे लातूर ते म्हैसूर. इथे बाल्कनवर मराठीत फारसं काही सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांना जायचंय त्यांनी बिनधास्त विचारा.

दुब्रोव्निकला विमानाने उतरले आणि तिथून बस घेतली. अंतर ९० किलोमीटरच्या आसपास, पण सीमेवर दोनदा पासपोर्ट दाखवायचा असतो, त्यामुळे किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. मला साडेतीन तास लागले. उपसागर दिसायला लागला की मात्र घड्याळाकडे लक्ष जात नाही. रस्ता पाण्याला खेटून जातो आणि डोंगर सरळ पाण्यातूनच उठलेले दिसतात. या उपसागराला तिथले लोक नुसतं 'बोका' म्हणतात. त्याच्या अगदी आतल्या कोपऱ्यात कोटोर वसलंय.

पहिल्याच दुपारी माझी निराशा झाली, हे आधीच सांगून टाकते. किनाऱ्याला पर्यटकांची एक प्रचंड बोट लागलेली होती आणि दुसरी समोर नांगर टाकून उभी. जुन्या गावाच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. इतक्या लांब आपण यासाठी आलो का, असं वाटून मी घरी परतले. संध्याकाळी सहानंतर पुन्हा गेले, तेव्हा बोटी निघून गेल्या होत्या. चौकात दोन मुलं चेंडू खेळत होती, एक बाई खिडकीतून दोरीवर कपडे वाळत घालत होती आणि सगळ्या पायऱ्यांवर मांजरं पसरली होती. मला हवं होतं ते गाव हेच. त्यानंतर मी वेळापत्रकच उलटं केलं. सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर जुनं गाव. मधल्या वेळात डोंगर, नाहीतर आसपासची गावं.

जुन्या गावातले चौक जिथे जे विकलं जायचं त्यावरून ओळखले जातात: पिठाचा चौक, दुधाचा चौक, सॅलडचा चौक. पुण्यात तांबट आळी, बुरूड आळी म्हणतो तसंच. मुख्य दरवाजातून आत शिरलं की समोर १६०२ मधला घड्याळाचा मनोरा आणि त्याच्या पायाशी एक टोकदार दगड. गुन्हेगाराला त्या दगडाशी बांधून गावासमोर उभं करायचे. दरवाजावर २१ नोव्हेंबर १९४४ ही तारीख कोरलेली आहे. नाझींच्या ताब्यातून गाव सुटलं तो हा दिवस. सोबत एक वाक्य आहे: दुसऱ्याचं आम्हाला नको, आमचं आम्ही देणार नाही.

मी राहिले दोब्रोता भागात, जुन्या गावापासून पाण्याच्या कडेने वीस मिनिटांवर. घरमालकीण सदुसष्ट वर्षांच्या. त्यांना इटालियन येतं, थोडं इंग्रजी येतं आणि अडलं की नात मदतीला. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी मला अंगणात कॉफीला बसवलं आणि बोलता बोलता १९७९ च्या भूकंपाची गोष्ट निघाली. १५ एप्रिल, सकाळी सातचा सुमार. कॅथलिकांचा ईस्टर होता त्या दिवशी. त्या बावीस वर्षांच्या होत्या आणि तटबंदीच्या आत राहायच्या. अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पळाल्या.

मी त्यांना किल्लारीचं सांगितलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. मी दहा वर्षांची होते आणि औशाजवळ आमचं आजोळ. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, त्यामुळे झोपेतली माणसं त्याखाली गाडली गेली. नात ओळ न् ओळ भाषांतर करत होती. बाई उठल्या, माझा हात धरून बराच वेळ बसून राहिल्या. मी परदेशात पहिल्यांदाच रडले आणि त्याचं मला अजिबात अवघड वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सेंट ट्रायफनच्या कॅथीड्रलमध्ये गेले. ११६६ सालचं. १६६७ च्या भूकंपात त्याचे मनोरे पडले, ते नव्याने बांधले. १९७९ मध्ये पुन्हा मोठं नुकसान झालं, पुन्हा दुरुस्ती केली. त्याच १९७९ साली युनेस्कोने कोटोर परिसर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला आणि २००३ पर्यंत तो धोक्यातल्या वारशांच्या यादीत होता. आमच्या आजोळचं गाव दुसरीकडे वसवलं. कोटोर जागच्या जागी उभं राहिलं. बाईंना मी म्हटलं, तुम्ही नशीबवान, तुमचं गाव तुम्हाला परत मिळालं. त्या म्हणाल्या, दगड परत आले. शेजारी नाही आले. त्यांच्या जुन्या गल्लीत आता बहुतेक खोल्या पर्यटकांना भाड्याने जातात.

पेरास्टबद्दल स्वतंत्र प्रतिसादात लिहिते.

बुरूज

वाचनखूण साठवली. भूकंपाचा भाग वाचून थांबलो थोडा वेळ.

माझा प्रश्न अर्थात किल्ल्याचा. फोटोत तटबंदी थेट डोंगरावर चढलेली दिसते. बांधणी कशी आहे? चढ किती?

मांजराकाठ

बुरूजभाऊ, तुम्ही तिथे गेलात तर दोन दिवस खाली उतरणार नाही. तट गावाला वेढून मागच्या उभ्या डोंगरावर चढतो आणि सेंट जॉनच्या किल्ल्याला कवेत घेऊन परत खाली येतो. एकूण लांबी साडेचार किलोमीटरच्या आसपास. जागाही हेरून निवडलेली: पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कडा, उत्तरेला श्कुर्दा नदी, दक्षिणेला गुर्दिचचा झरा. म्हणजे खंदक निसर्गानेच दिलाय. १४२० ते १७९७ कोटोर व्हेनिसच्या ताब्यात होतं आणि आज दिसतं त्यातलं बरंच काम त्या काळातलं. १५३९ मध्ये ऑटोमन आरमाराचा प्रमुख हैरुद्दीन बार्बारोसाने वेढा घातला, पण गाव पडलं नाही. त्याची आठवण म्हणून पुढच्या वर्षी नदीकडचा दरवाजा बांधला.

पायऱ्या साधारण १३५०. पर्वतीच्या १०३ धरल्या तर तेरा पर्वत्या समजा. अर्ध्यावर १५१८ मधलं एक छोटं चर्च आहे, साथीतून वाचलेल्यांनी आरोग्यदेवता मानून येशूच्या आईचं, मेरीचं उभारलेलं. माझ्या मते सगळ्यात सुंदर देखावा तिथूनच दिसतो. डोंगर पूर्वेला असल्यामुळे सकाळी वाट सावलीत असते, म्हणून सातला निघा. तिकीट चांगलंच महाग आहे.

आणि एक. किल्ल्याच्या मागच्या अंगाने जुनी खेचरवाट वर जाते. गाडीरस्ता व्हायच्या आधी किनाऱ्यावरून तेव्हाची राजधानी त्सेतिन्येला जायची वाट हीच. डोंगराला दोरा गुंडाळावा तशी वळणं. तिथे तिकीट नाही. वाटेत एका घरात बकरीचं चीज आणि डाळिंबाचा रस मिळाला. त्या बाकावरून अख्खा किल्ला पायाखाली दिसतो.

स्वरा_नाशिक

ताई, किती छान लिहिलंय! मी २६ वर्षांची आहे, सप्टेंबरमध्ये जायचा विचार आहे. आईबाबांचा विरोध आहे. तीन प्रश्न: सुरक्षित वाटलं का? मी शाकाहारी आहे, अंडं चालतं, मग जेवणाचं काय? आणि खर्च?

मांजराकाठ

स्वरा, रात्री साडेदहाला मी पाण्याकडेच्या रस्त्याने एकटी घरी चालत यायचे. दिवे असतात, कुटुंबं फिरत असतात, म्हाताऱ्या बायका बाकांवर गप्पा मारत असतात. कुणी वाकडं बोललं नाही. एकदा एक माणूस उगाच बरोबर चालू लागला, तेव्हा मी सरळ बाकावरच्या बायकांशेजारी जाऊन बसले. त्यांनी काही विचारलं नाही, सरकून जागा दिली. तो निघून गेला. आपल्याकडे जी काळजी घेतेस तीच तिथे घे.

जेवणासाठी दोन शब्द पाठ कर. पहिला 'बेझ मेसा', म्हणजे मांस नको. दुसरा त्याहून कामाचा: 'पोस्नो'. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपवास असतात आणि त्या दिवसांत मांस, दूध, अंडी चालत नाहीत. त्या उपवासाच्या पदार्थांना पोस्नो म्हणतात. बेकरीत हा शब्द उच्चारला की दुकानदार बरोबर पदार्थ दाखवतो. मासे मात्र काही उपवासांना चालतात, तेवढं विचारून घे. 'ब्लित्वा' म्हणजे पालकासारखी पालेभाजी बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेलात शिजवलेली. मी ती पाच वेळा खाल्ली. डोंगराकडे 'काचामाक' मिळतं, मक्याच्या पिठाचं, आपल्या उकडीच्या जवळचं, वर साय-चीज. पालक भरलेली 'झेल्यानित्सा' सकाळी गरम मिळते. तटाबाहेर रोज बाजार भरतो, तिथली अंजिरं आणि ऑलिव्ह नक्की घे.

खोली मला रात्रीला ३५ युरो पडली. जुलै-ऑगस्टमध्ये हे विसर. जेवणाचे दोन भाव आहेत, तटाच्या आतला आणि तटाबाहेरचा.

आईबाबांना हा धागा वाचायला दे. काही शंका असतील तर मी फोनवर बोलेन त्यांच्याशी.

म्युनिकवासी

चांगला धागा. व्हिसाबद्दल लिहितो, कारण यात लोक अडकतात. माँटेनेग्रोत युरो चालतो, पण हा देश युरोपीय संघात नाही आणि शेंगेनमध्येही (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही. भारतीय पासपोर्टवर वैध शेंगेन व्हिसा असेल तर वेगळ्या व्हिसाशिवाय ३० दिवसांपर्यंत राहता येतं. खरी गोम दुसरीकडे आहे: क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आलाय. म्हणजे दुब्रोव्निकहून कोटोरला गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर परत दुब्रोव्निकला येता येणार नाही. अनेक प्रवेशांचाच मागा, आणि निघण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजा नियम बघा.

भाड्याची गाडी क्रोएशियातून नेणार असाल तर सीमेपलीकडे न्यायची परवानगी आणि तिथे चालणारा विमा आधी घ्या.

मांजराकाठ

+१. अगदी हेच माझ्या बाबतीत होता होता राहिलं. ज्यांच्याकडून कागदपत्रं करून घेत होते त्यांनी "तिथे युरो चालतो म्हणजे शेंगेनच" असं सांगून अर्ज एकदाच प्रवेशाचा भरला होता. सही करण्याआधी मी प्रत्येक ओळ वाचली म्हणून वाचले. अर्ज दुसऱ्यावर सोपवला तरी शेवटी स्वतः वाचा.

पोहोचल्यावर २४ तासांत नोंदणी करावी लागते आणि थोडा पर्यटन करही भरायचा असतो. घरमालकीणबाईंनीच ते केलं. पावती जपून ठेवा. क्रोएशियात घेतलेलं सिम माझ्या फोनमध्ये सीमेपलीकडे चालेना, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्या.

जयगडचा

मी क्रूझ बोटीवर नोकरीला आहे, किचनमध्ये. तुम्ही ज्या बोटींना वैतागलात त्यांतल्याच एकीवर. कोटोरला आठ-नऊ वेळा आलोय.

आमच्या बाजूचंही सांगतो. पहाटे बोट उपसागरात शिरते तेव्हा ज्याला पाच मिनिटं सुट्टी मिळेल तो डेकवर येतो. वेरिगेची सामुद्रधुनी ३४० मीटरच्या आसपास रुंद. एवढी मोठी बोट तिथून हळूहळू सरकते, आणि दोन्ही बाजूंच्या घरांतले दिवे, अंगणातली माणसं दिसतात. एकदा एक म्हातारा बाल्कनीतून हात हलवत होता. आम्ही सगळ्यांनी हलवला.

लोक याला फियॉर्ड म्हणतात, पण हिमनदीने कोरलेली जागा नाही ही. नदीच्या दरीत समुद्र शिरलाय. म्हणजे आपली खाडीच की! शास्त्री नदी जयगडला मिळते तशीच, फक्त डोंगर चौपट उंच. मला तिथे घरची आठवण येते ती त्यामुळे.

क्रूला दोन तास मिळतात कधीकधी. मी तटाबाहेरच्या बाजारातून फळं घेतो, सावलीत बसून घरी व्हिडिओ कॉल लावतो आणि आईला डोंगर दाखवतो. किल्ला अजून चढलेलो नाही.

मांजराकाठ

दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बोटीच्या आत आपल्या रत्नागिरीचं कुणी असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. गर्दीचा त्रास खरा आहे, माझ्या घरमालकीणबाईंनाही होतो. पण वरच्या माझ्या लिहिण्यात बोट म्हणजे नुसती अडचण असं आलं, ते अपुरं होतं. पुढच्या खेपेला दोन तास मिळाले तर किल्ल्याचं अर्धं अंतर, त्या चर्चपर्यंत जाऊन या. भराभर चढलात तर वीस-पंचवीस मिनिटं. तिथून आईंना फोन लावा.

आणि 'खाडी' हाच शब्द बरोबर. मी आठवडाभर उपसागर, उपसागर करत होते.

आंबोलीकर

या बोकाच्या वर ओर्येन डोंगरात त्सर्कवित्से नावाचं गाव आहे. तिथे वर्षाला सरासरी साडेचार हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. युरोपातल्या सगळ्यात पावसाळी जागांत त्याची गणना होते. आमच्या आंबोलीला सात हजारांच्या घरात पडतो, पण तो चार महिन्यांत आणि उन्हाळ्यानंतर. तिथलं उलटं: उन्हाळा कोरडा, आणि नोव्हेंबरच्या आसपास जोर. समुद्रावरून आलेली ओली हवा उभ्या डोंगराला धडकते, कारण सह्याद्रीचंच. ताई, पाऊस लागला का?

मांजराकाठ

एक संध्याकाळ लागला, आणि काय लागला! डोंगरावरून ढग घरंगळत खाली आले आणि अर्ध्या तासात पाणी-आकाश एक. दुसऱ्या दिवशी श्कुर्दा नदी तटाला घासून वाहत होती, पण तळाचे गोटे दिसावेत इतकी स्वच्छ. एवढ्या पावसानंतर नितळ पाणी मला पाहायला मिळत नाही कधी, म्हणून पुलावर तासभर उभी राहिले.

आता पेरास्ट. कोटोरहून स्थानिक बसने अर्धा तास. पाण्याकाठी एकच रस्ता, त्यावर जुन्या दर्यावर्दी घराण्यांचे वाडे, समोर दोन बेटं. एक नैसर्गिक. दुसरं, गोस्पा ओद श्कर्पेला, माणसांनी केलेलं. १४५२ मध्ये २२ जुलैला मच्छीमार भावांना खडकावर मेरीचं चित्र सापडलं अशी कथा आहे. तेव्हापासून सफरीवरून सुखरूप परतलं की तिथे दगड टाकायचा. दगड टाकून, जुन्या बोटी बुडवून हे बेट वर आलं. आजही दर २२ जुलैला सूर्यास्ताच्या वेळी नावा एकमेकींना बांधून रांगेने नेतात आणि दगड टाकतात. बेटावर जायला नावेचे पाच युरो घेतले.

आतल्या देवळात भिंतींवर चांदीचे छोटे पत्रे आहेत, त्यांवर वादळात सापडलेली जहाजं कोरलेली. आपल्याकडे नवस फेडतात तसंच. पण मी ज्यापुढे थांबले ते एक भरतकाम. यासिंता कुनिच नावाच्या पेरास्टच्या बाईने पंचवीस वर्षं ते केलं, समुद्रावर गेलेल्या माणसाची वाट बघत असं सांगतात. देवदूतांचे केस तिने स्वतःच्या केसांनी भरलेत. सुरुवातीचे गडद, शेवटचे पांढरे. एक गट आला, दोन मिनिटांत फोटो काढून गेला. मला कुणाची घाई नव्हती. एकटीने जाण्याचं मला मिळालेलं सगळ्यात मोठं सुख हे: एखाद्या गोष्टीपुढे हवं तेवढं थांबता येतं, आणि का थांबलीस हे कुणाला सांगावं लागत नाही.

सपाटसमुद्र

थोडा वेगळा सूर लावतो. मी ऑगस्टमध्ये गेलो होतो. कोटोर मला महाग आणि कोंदट वाटलं. उकाडा, वारा नाही, पोहायला चांगला वाळूचा किनारा नाही. हेर्त्सेग नोव्ही जास्त आवडलं, आणि पोहायचंच तर दक्षिणेला उल्त्सिन्यला लांबच लांब वाळू आहे. सात दिवस एकट्या कोटोरला देणं जास्त नाही का?

मांजराकाठ

ऑगस्टबद्दल तुमचं खरं असणार, मी तेव्हा जाणारच नाही. वाळू नाही हेही खरं; दोब्रोतात दगडी धक्के आहेत, 'पोंता' म्हणतात, त्यावरून थेट पाण्यात उतरायचं. मला ते आवडलं, मुलं बरोबर असती तर कदाचित नसतं आवडलं. सात दिवसांचं मात्र मला पटत नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत मी पर्यटक होते. चौथ्या दिवशी बेकरीवाल्याने न विचारता झेल्यानित्सा बांधून दिली. घरमालकीणबाईंची गोष्टही दोन दिवसांत निघाली असती असं वाटत नाही.

आनंदयात्री६६

गुडघ्यांचं काय करायचं, हे कुणीतरी सांगा. पायऱ्या जमणार नाहीत.

मांजराकाठ

काका, पायऱ्यांवाचून काही अडत नाही. दोब्रोताचा पाण्याकडेचा रस्ता कित्येक किलोमीटर सपाट आहे, जागोजागी बाक. उंचावरून बघायचं तर २०२३ पासून लोव्चेन डोंगरावर केबल कार सुरू झाली आहे. जुन्या गावातली फरशी मात्र गुळगुळीत आहे, पावसात घसरते. चांगल्या तळव्याचे बूट घाला.

स्वरा_नाशिक

ताई, आईने अख्खा धागा वाचला. बाबांनी म्युनिकवासी यांचा प्रतिसाद छापून घेतला! सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याची तिकिटं काढली. तुमच्या त्या आजींकडे खोली मिळेल का? खाजगी संदेशात पत्ता द्याल?

मांजराकाठ

पत्ता पाठवलाय, आणि त्यांच्या नातीला तुझं नावही कळवलंय. एक काम करशील? मी नेलेली शेंगदाण्याची चटणी त्यांनी पावावर ऑलिव्ह तेलाबरोबर खाल्ली आणि बरणी पुसून काढली. लातूरहून अर्धा किलो नाशिकला पाठवते. नीट बांधून सामानात टाक. तिखट कमी घालायला सांगते त्यांच्यासाठी.